लाखेच्या मोहरेची साक्ष

बारावीचा निकाल लागला की अलीकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो. 'मुलगी फॉरेन्सिक करायचं म्हणते आहे. कसं आहे ते?' विचारणाऱ्या आईवडिलांच्या स्वरात काळजी असते आणि थोडे कौतुकही असते. मुलीच्या डोळ्यांसमोर काय आहे याचा अंदाज बांधणे अवघड नाही. १९९८ पासून घराघरांत पोचलेल्या 'सीआयडी' मालिकेतले डॉ. साळुंखे परीक्षानळीत दोन थेंब टाकतात, द्रावणाचा रंग पालटतो आणि एसीपी प्रद्युम्न यांना खुनी सापडतो. तिच्या आजोबांच्या पिढीला हेच सुख बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयने आणि झुंजारने दिले होते. अर्नाळकरांच्या नायकाचे काम बुद्धी आणि धाडस यांवर भागत असे. मालिकेत त्यांच्या जोडीला प्रयोगशाळा आली, एवढाच फरक.

मराठीत या शास्त्राला 'न्यायसहायक विज्ञान' असे नाव आहे. नाव जरा जड आहे, पण नेमके आहे. हे विज्ञान पोलिसांना मदत करते, वकिलांना मदत करते, पण त्याची बांधिलकी न्यायाशी आहे. त्याचे पहिले काम गुन्हेगार पकडून देणे हे नाहीच. घटनास्थळी सापडलेली वस्तू जशी होती तशीच न्यायाधीशांपुढे पोचली, हे सिद्ध करता येणे आणि त्या वस्तूकडून जेवढे कळते तेवढेच सांगणे, ही त्याची दोन कामे. ऐकायला ती कारकुनी वाटतात. त्यांत कसूर झाली तर काय होते, हे ठाणे जिल्ह्यातल्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. त्याकडे यायचे, तर आधी हे शास्त्र आपल्याकडे कसे रुजले आणि त्याचे रोजचे काम कसे चालते, ते पाहावे लागेल.

अंगठा, सोमल आणि प्लेगचे जंतू

या शास्त्राचा बराचसा पाया आपल्याच देशात घातला गेला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे 'ही सही माझी नव्हेच' असे त्याला म्हणता येऊ नये, हा उद्देश. त्यातून बोटांच्या ठशांचा अभ्यास वाढत गेला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. जगातले अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. ती उभी करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

दुसरा धागा विषाचा. सोमल, अफू आणि धोतरा ही त्या काळातली हाताशी असलेली विषे. प्रवाशांना धोतरा चारून लुटण्याचे प्रकार सर्रास घडत. मृताच्या पोटात काय होते हे सांगणारा माणूस सरकारला हवा होता. १८४९ मध्ये मद्रासला रासायनिक परीक्षकाचे खाते सुरू झाले आणि पुढे मुंबईतही तशी व्यवस्था झाली. आज महाराष्ट्राच्या प्रयोगशाळेत 'रासायनिक विश्लेषक' हे पद आहे आणि कोणत्याही पोलीस ठाण्यात 'सीए रिपोर्ट आला का?' हा प्रश्न ऐकू येतो. हे 'सीए' म्हणजे सनदी लेखापाल नव्हेत, त्या जुन्या परीक्षकाचेच वारसदार आहेत.

युरोपात याच सुमारास या विद्येला शिस्त लागत होती. ऑस्ट्रियातील न्यायदंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ मध्ये तपासावरचा हस्तग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०६ साली झाले ते लंडनला नव्हे, मद्रासला. फ्रान्समध्ये एडमंड लोकार्ड यांनी १९१० साली लिओं शहरात पोलिसांची प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा संपर्क आला की एकीचा काही अंश दुसरीवर राहतो, हे आज प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाणारे तत्त्व त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९५२ मध्ये कलकत्त्यात देशातील पहिली राज्यस्तरीय न्यायसहायक प्रयोगशाळा उभी राहिली.

या काळातला एक खटला मुंबईशी जोडलेला आहे. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्थानकावरच्या गर्दीत पाकूर संस्थानच्या घराण्यातील अमरेंद्र पांडे या तरुणाला एका अनोळखी माणसाचा धक्का लागला आणि दंडावर काहीतरी टोचले. ४ डिसेंबरला तो मरण पावला. त्याच्या रक्ताची तपासणी झालेली होती. तीत प्लेगचे जंतू निघाले. सुरी नाही, पिस्तूल नाही, विषाची बाटली नाही. मग हे जंतू आले कुठून? तपास मुंबईला येऊन पोचला. सावत्र भाऊ बिनयेंद्र याच्याशी संगनमत असलेल्या तारानाथ भट्टाचार्य या डॉक्टरने हाफकिन संस्थेतून प्लेगचे जंतू मिळवण्याची खटपट केली होती आणि नंतर ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात काम करण्याची परवानगी मिळवली होती. रुग्णालयातल्या नोंदी, पत्रव्यवहार, मुंबईतल्या वास्तव्याचे पुरावे अशा कागदांनी आरोपींना घेरले. १९३५ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली. पुढल्या वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेप-काळ्या पाण्यावर आणली.

जंतू ओळखले सूक्ष्मदर्शकाने. गुन्हा मात्र शाबित झाला नोंदवह्यांच्या जोरावर. रुग्णालयातल्या कुणा कारकुनाने त्या दिवशी कंटाळा केला असता, तर सूक्ष्मदर्शकाचा काही उपयोग झाला नसता.

पंचनामा ते पुडके

घटनास्थळी सर्वांत आधी काय करायचे? काहीही उचलायचे नाही. आधी जागा दोरीने अडवायची, आत कोण आले-गेले ते लिहायचे, छायाचित्रे घ्यायची, मोजमापे घेऊन नकाशा काढायचा. मग वस्तू. दोन पंचांसमोर प्रत्येक वस्तूचे वर्णन होते. जुन्या पंचनाम्यांत 'रक्तमिश्रित माती' आणि 'साधी माती' अशा दोन पुड्यांचा उल्लेख वाचायला मिळतो. साधी माती कशाला, असे वाचणाऱ्याला वाटते. तिथल्या मातीतच एखादे द्रव्य नैसर्गिकरीत्या असेल, तर ते डागातले आहे की मातीतले हे कळण्यासाठी तुलनेचा नमुना लागतो. पंचनाम्याच्या साच्यात मुरून गेलेले हे विज्ञानच आहे.

रक्ताने भिजलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधला, तर आतल्या ओलीवर बुरशी आणि जीवाणू वाढतात आणि डीएनए नासतो. म्हणून तो सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा आणि कागदात गुंडाळायचा. दोन कपडे एका पुडक्यात ठेवायचे नाहीत, कारण एकावरचा डाग दुसऱ्यावर उमटला की मूळ डाग कोणता हे सांगता येत नाही. एक वस्तू हाताळल्यावर हातमोजे बदलायचे. पुडके बांधायचे, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची आणि त्यावर लाखेची मोहर उठवायची. त्याच मोहरेचा नमुना वेगळा पाठवायचा, म्हणजे प्रयोगशाळेत दोन्ही जुळवून पाहता येतात.

इथून पुडक्याचा प्रवास सुरू होतो. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग तपास अधिकाऱ्याचे पत्र घेऊन एखादा हवालदार ते एसटीने किंवा रेल्वेने प्रयोगशाळेत नेतो. तिथे मोहर शाबूत आहे का ते पाहून पोच दिली जाते. प्रत्येक हस्तांतराची तारीख, वेळ, नाव आणि सही. याला पुराव्याची साखळी म्हणतात. तिची एक कडी निसटली, तर बचाव पक्षाच्या वकिलाला एकच प्रश्न पुरतो: मधल्या दिवसांत हे पुडके कुठे होते?

पुरावा डिजिटल असला तरी नियम हाच. मोबाइल किंवा हार्ड डिस्क जप्त केली की तिची 'हॅश व्हॅल्यू' काढतात. फाइलीतल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने येणारी ही आकडे-अक्षरांची ओळ असते; मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती सारीच्या सारी बदलते. ही झाली संगणकाच्या जगातली लाख. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, असे त्यात स्पष्ट झाले. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर हॅश व्हॅल्यूसाठी जागाच ठेवली आहे.

एका डागाचे तीन प्रश्न

पुडके प्रयोगशाळेत उघडले जाते. सदऱ्यावर तांबूस डाग आहे. मालिकेत इथून खुन्याच्या नावापर्यंत एक मिनिट लागते. खऱ्या कामात तीन वेगवेगळे प्रश्न क्रमाने विचारावे लागतात.

हे रक्त आहे का? फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीत गुलाबी रंग आला, तर रक्त असण्याची शक्यता आहे, एवढेच म्हणता येते. काही वनस्पतींतली विकरे आणि काही रसायनेही तसाच रंग देतात. रक्त माणसाचे आहे का? १९०१ मध्ये जर्मनीत पाउल उलेनहुट यांनी शोधलेल्या चाचणीने माणसाचे आणि जनावराचे रक्त वेगळे ओळखता येऊ लागले. 'तो कोंबडीच्या रक्ताचा डाग आहे' या बचावाला तोवर ठोस उत्तर नव्हते. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: कोणाचे रक्त?

त्याचे उत्तर बराच काळ रक्तगटावर अवलंबून होते. रक्तगट वेगळा निघाला तर माणूस वगळता येतो. एकच निघाला तर फारसे काही सिद्ध होत नाही, कारण त्या गटाची माणसे लाखोंनी असतात. वगळण्यातही सावधपणा लागतो, हे मुंबईनेच जगाला शिकवले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधून काढला. ए आणि बी हे घटक ज्या 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या माणसांच्या रक्तात नसतो. नेहमीच्या चाचणीत ती 'ओ' गटाची दिसतात, पण ए किंवा बी गटाचे जनुक त्यांच्याकडून मुलाकडे जाऊ शकते. 'ओ' गटाच्या बापाला 'एबी' गटाचे मूल होणार नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या तज्ज्ञाने अशा घरात एका निरपराध आईवर बालंट आणले असते.

डीएनएने हे चित्र पालटले. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली; भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंह यांनी ती विकसित केली. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि ते किती वेळा येतात हे माणसागणिक बदलते. अशी अनेक ठिकाणे एकाच वेळी तपासली, तर एकसारख्या जुळ्या भावंडांशिवाय इतर दोघांचे सगळे आकडे जुळणे जवळजवळ अशक्य असते.

ही पद्धत खुनाच्या तपासात पहिल्यांदा वापरली गेली ती लेस्टरजवळच्याच प्रकरणात, आणि तिने सर्वप्रथम एका निरपराध मुलाची सुटका केली. त्या मुलाने दोनपैकी एका खुनाची कबुलीही दिलेली होती. खरा गुन्हेगार नंतर सापडला.

आपल्याकडे या शास्त्राचा कस लागला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर. 'कुबेर' या पोरबंदरच्या मासेमारी नौकेवर सापडलेल्या वापरातल्या वस्तूंवरून मिळालेला डीएनए कसाब आणि त्याच्या साथीदारांच्या डीएनएशी जुळला. समुद्रातली नौका आणि मुंबईतला रक्तपात यांच्यातली कडी प्रयोगशाळेत जोडली गेली. तरीही डीएनए काय सांगतो, याची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. हा अंश अमुक माणसाचा आहे, एवढेच तो सांगतो. तो तिथे कधी आला, कसा आला आणि कुणी आणला, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. ते पुराव्याच्या साखळीने सांगायचे असते.

ठाण्याचा खटला

जून २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. वस्तीतल्याच एका माणसाला अटक झाली. प्रत्यक्ष पाहणारे कुणी नव्हते. परिस्थितीजन्य पुराव्यात सर्वांत वजनदार होता तो डीएनएचा अहवाल, आणि तो आरोपीच्या विरोधात होता. सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

१९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसाला मुक्त केले. डीएनएचे शास्त्र खोटे आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रश्न त्याआधीच्या प्रवासाचे होते. नमुने प्रयोगशाळेकडे पाठवायला लागलेल्या वेळेचा समाधानकारक खुलासा नव्हता. मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या अवस्थेत होते, याचा हिशेब लागत नव्हता. तपास अधिकारी वारंवार बदलले होते आणि त्याचे कारण कुठे दिसत नव्हते. नमुने दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नव्हती, म्हणून त्यांवर फाशी उभी राहू शकत नव्हती.

या निकालाचे दोनच अर्थ संभवतात. तो माणूस निरपराध असेल, तर त्याने तारुण्याची वर्षे तुरुंगात आणि बरीचशी फाशीच्या छायेत घालवली, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहिला. तो अपराधी असेल, तर एका नोंदीअभावी तो सुटला. दोन्ही अर्थांत त्या मुलीला न्याय मिळालेला नाही. कोणता अर्थ खरा, हे आता कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

पुढे १५ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नमुने घेतल्यापासून ४८ तासांच्या आत ते प्रयोगशाळेत पोचावेत, उशीर झाला तर कारण लिहावे, साखळीची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि ती खटल्याच्या कागदपत्रांचा भाग असावी. मुद्देमाल कारकुनाची वही अखेर न्यायालयाच्या आदेशात आली.

विज्ञानाच्या वेशातले काही

मर्यादा ओलांडण्याचा मोह विज्ञानाला नसला, तरी ते वापरणाऱ्यांना असतो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्लहरींच्या चाचणीला पुराव्यात स्थान मिळाले. आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याचा 'अनुभव' साठलेला आहे, असा त्या चाचणीचा दावा. जगभर तिची चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या चाचणीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले.

या क्षेत्रात येणाऱ्याने हा खटला मुळातून वाचावा. यंत्र आहे, आलेख आहे, पांढरा कोट घातलेला माणूस आहे, म्हणून ते विज्ञान होत नाही. ही पद्धत किती वेळा चुकते, हा प्रश्न तज्ज्ञाला आधी स्वतःला विचारता आला पाहिजे.

प्रयोगशाळेतला रोजचा दिवस

महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय गृहविभागाच्या अखत्यारीत आहे. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे; नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा. जीवशास्त्र, डीएनए, विषशास्त्र, बॅलिस्टिक्स, सायबर, ध्वनी असे विभाग आहेत. आणखी एक विभाग आहे, ज्याचा मालिकेत कधी उल्लेख येत नाही: दारूबंदी आणि उत्पादन शुल्क. जप्त केलेल्या हातभट्टीच्या बाटल्या, मद्यपी वाहनचालकांच्या रक्ताचे नमुने. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क. खुनाच्या गूढाची ओढ घेऊन आलेल्या तरुणाच्या वाट्याला बाटल्यांच्या अशा ओळीच्या ओळी येऊ शकतात.

किंवा व्हिसेरा येतो. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग संपृक्त मीठपाण्यात ठेवून पाठवतात आणि त्या मीठपाण्याचाही वेगळा नमुना देतात. चुकून फॉर्मॅलिनमध्ये ठेवले, तर विषाच्या विश्लेषणात अडचण येते. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या बरण्यांत कीटकनाशके वारंवार सापडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्याला आठवत असेल. अशा मृत्यूनंतर सरकारी अनुदानाच्या किंवा विम्याच्या कागदांत रासायनिक विश्लेषणाचा अहवाल मागितला जातो. तो येईपर्यंत फाइल तहसील कचेरीत पडून राहते आणि शेतकऱ्याची बायको हेलपाटे घालत राहते. टेबलावरच्या बरणीला नुसता क्रमांक असतो. तिच्यामागे कुणाचे तरी घर थांबलेले आहे, हे क्रमांकावरून दिसत नाही.

विश्लेषणानंतर येते साक्ष. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो, अशी तरतूद आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण न्यायालय बोलावू शकते, आणि बोलावते तेव्हा पाच-सात वर्षांपूर्वी केलेल्या एका चाचणीवर उलटतपासणी होते. आठवणीचा तिथे उपयोग नसतो, त्या दिवशीची टिपणवहीच कामी येते. 'या डागावरून गुन्हा कुणी केला हे सांगता येईल का?' या प्रश्नाला 'नाही' असे शांतपणे उत्तर देणारा तज्ज्ञ सरकारी वकिलाला त्या क्षणी नकोसा वाटेल. न्यायाधीशांचा विश्वास मात्र त्याच्यावरच बसतो.

वाट कुठून जाते

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचे चित्रीकरण करायचे आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्यासाठी फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या आल्या आहेत, माणसेही लागणार आहेत.

शिक्षणाच्या वाटा दोन. एक थेट: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला २००८ मध्ये सुरू झालेले गुजरातचे विद्यापीठ २०२० पासून राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले. त्याचे एक केंद्र गोव्यात फोंड्याजवळ आहे. दुसरी वाट मूळ विज्ञानाची: रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणक यांत पक्की पदवी आणि मग न्यायसहायक विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण. दुसरी वाट अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे. ज्याचे रसायनशास्त्र पक्के, त्याला औषध कंपनीचा दरवाजाही उघडा राहतो. सरकारी पदे मोजकी असतात, काही कंत्राटी असतात आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असे नाही. राज्याच्या प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक हे प्रवेशाचे पद. सहायक रासायनिक विश्लेषकाची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते.

दोन गैरसमज दूर करायला हवेत. शवविच्छेदन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ करत नाहीत. त्यासाठी एमबीबीएस होऊन न्यायवैद्यकशास्त्रात एमडी करावे लागते. आणि ठसेतज्ज्ञ बहुधा पोलीस खात्यातले असतात. राज्याचे अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. खासगी क्षेत्रात बँकांतील फसवणूक, सायबर तपास, विमा आणि दस्तऐवज-तपासणी यांत कामे मिळतात.

स्वभावाचे काय? पदव्यांपेक्षा तोच प्रश्न मोठा. त्याची परीक्षा घरीच घेता येते. मुलीला म्हणावे, स्वयंपाकघराचा पंचनामा लिही. ओट्यावर काय आहे, भिंतीपासून किती अंतरावर आहे, कपात चहा किती उरला आहे, पाटावर पडलेला डाग कसला आहे. आठवड्याने तो कागद शेजारच्या मुलाच्या हाती द्यावा आणि त्याला त्या दिवशीचे स्वयंपाकघर सांगायला लावावे. 'डाग आमटीचा आहे' असे तिने लिहिले असेल, तर थांबवून विचारावे, कशावरून? तिने आधीच 'पिवळसर तांबूस डाग, अंदाजे दोन सेंटिमीटर, स्वरूप निश्चित नाही' असे लिहिले असेल आणि आठवड्याने तोच प्रयोग पुन्हा करायचा तिला कंटाळा आला नसेल, तर प्रवेशअर्ज भरायला हरकत नाही.